कॅराव्हान नंतर घ्या, आधी उतरायला जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलीकडे कॅराव्हान पर्यटनावर जो लेख आला, त्यात गाडीचे वर्णन फार बारकाईने केले होते. आत पलंग किती, फ्रीज केवढा, टीव्ही कोठे बसवला आहे, दिवसाचे भाडे काय, हे सर्व त्यात होते. ही गाडी रात्री उभी कोठे करायची, याविषयी मात्र एक ओळही नव्हती. लेखकाला दोष देण्याचा हेतू नाही, कारण सरकारी घोषणांचा क्रमही बहुधा असाच असतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण मंजूर केले आणि त्याच वर्षी केरळने ‘केरवान केरळ’ ही योजना जाहीर केली. दोन्ही वेळा वृत्तपत्रांत छायाचित्रे आली ती चकचकीत गाड्यांची. केरळच्या योजनेत गाड्या थांबवण्याच्या उद्यानांचाही विचार होता, किमान अर्धा एकर जागा आणि किमान पाच गाड्यांची सोय अशी अटही त्यात होती, आणि वागमोनला पहिले उद्यान उभेही राहिले. पण सामान्य वाचकाच्या लक्षात राहिली ती गाडीच.

माझे म्हणणे असे आहे की, आमच्या गुजरातच्या किनाऱ्याने कुटुंबांनी मोटारीने फिरावे अशी इच्छा असेल, तर सरकारने तूर्त एकही कॅराव्हान विकत घेऊ नये. त्या पैशातून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतराने साध्या, स्वच्छ, कुंपण घातलेल्या मुक्कामाच्या जागा तयार कराव्यात आणि ज्यांच्याकडे कॅराव्हान नाही, नुसती मोटार आणि तंबू आहे, त्यांनाही त्या खुल्या ठेवाव्यात. नोकरीचा बहुतेक काळ मी पाणीपुरवठा आणि सांडपाणी याच कामात घालवला, त्यामुळे पुढील मजकुरात नळ आणि गटारे जरा जास्त येतील, ती वाचकांनी चालवून घ्यावीत.

मुलगा मेलबर्नला असतो. त्याच्याकडे गेलो असताना नातवंडांसह आम्ही ग्रेट ओशन रोडने प्रवास केला. टॉर्कीपासून पश्चिमेला वॉर्नाम्बुलच्या अलीकडेपर्यंत जाणारा हा सुमारे २४० किलोमीटरचा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, बहुतांशी कुदळ-फावड्याने खोदून काढला आणि युद्धात मरण पावलेल्या आपल्या सोबत्यांचे स्मारक म्हणून तो ओळखला जातो. समुद्रात उभे असलेले ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ नावाचे चुनखडीचे सुळके सर्वांनी छायाचित्रांतून पाहिलेले असतात, म्हणून त्यांचे वर्णन करत नाही. मला तिथली जी गोष्ट इथे आणण्याजोगी वाटली, ती म्हणजे प्रत्येक लहानशा गावात किनाऱ्यालगत असलेले कॅराव्हान पार्क. यांतली बरीच उद्याने सरकारी जमिनीवर आहेत. टॉर्की आणि लॉर्न येथील किनाऱ्यालगतची उद्याने तर त्या किनाऱ्याची देखभाल करणारे सरकारी प्राधिकरणच चालवते, आणि मिळणारे उत्पन्न त्याच किनाऱ्यावर खर्च होते.

व्यवस्था कशी असते ते सांगतो. फाटकाजवळ लहानसे कार्यालय असते. तिथली बाई उद्यानाचा छापील नकाशा पुढे सरकवते, त्यावर आपल्या जागेभोवती पेनाने गोल काढते, न्हाणीघराच्या दाराचा आकडा कोपऱ्यात लिहून देते, आणि झाले. जागा म्हणजे हिरवळीचा किंवा सिमेंटचा आखलेला चौक. त्याच्या कडेला कमरेएवढा विजेचा खांब, एक नळ आणि मोरीचे पाणी सोडण्यासाठी जाळी बसवलेले तोंड. वीज नको असेल तर त्याहून स्वस्त, नुसती तंबूची जागा मिळते. कॅराव्हान नाही आणि तंबूही नको, अशांसाठी छोट्या लाकडी खोल्या असतात, त्यांत दोन-तीन माणसांची न्याहारी होईल एवढे स्वयंपाकघर असते. एकाच उद्यानात लाखमोलाची कॅराव्हान आणि शेजारी कॉलेजच्या मुलांचा दोरी-खुंट्यांचा तंबू, असे दृश्य तिथे अगदी नेहमीचे आहे, आणि न्हाणीघर दोघांनाही तेच वापरावे लागते. आत गाड्या माणसाच्या चालीने चालवायच्या, रात्री दहानंतर आवाज करायचा नाही आणि सकाळी दहाच्या सुमारास जागा रिकामी करायची, हे नियम सगळीकडे जवळपास सारखेच दिसले.

सामायिक स्वयंपाकघर मला सर्वांत जास्त आवडले, आणि आमच्या घरात सर्वांत जास्त चर्चाही त्याचीच झाली. छप्पर आणि तीन बाजूंनी आडोसा, लांब बाके, गरम पाण्याच्या नळाचे सिंक, मोठा फ्रीज आणि विजेवर तापणारी पोलादी हॉटप्लेट. ज्याने वापरली त्याने खरवडून, पुसून पुढच्यासाठी ठेवायची, असा रिवाज आहे आणि तो पाळला जातो. तरी आधीच्या कुटुंबाने त्याच प्लेटवर सॉसेज भाजलेले असणार, म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी सोबत नेलेला तवा कधी पिशवीबाहेर राहू दिला नाही. शेजारी भाजले जात असलेल्या मांसाच्या वासात आमचे थेपले आणि बटाट्याची भाजी तयार होत असे. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे अशी जागा करायची झाल्यास शाकाहारी आणि मांसाहारी ओटे वेगळे ठेवावे लागतील. तो खर्च अगदी किरकोळ आहे. त्यावरून होणारी भांडणे मात्र किरकोळ नसतील.

आता माझ्या विषयाकडे येतो. कॅराव्हानमध्ये दोन प्रकारचे सांडपाणी तयार होते. मोरीचे पाणी जाळीत सोडता येते. संडासाची पेटी मात्र उद्यानाच्या एका कोपऱ्यात, गटाराला जोडलेल्या झाकणाच्या तोंडात रिकामी करावी लागते आणि तिथेच विसळावी लागते. त्या विसळण्याच्या नळावर ‘हे पाणी पिण्याचे नाही’ अशी पाटी असते आणि पिण्याचा नळ तिथून बराच लांब ठेवलेला असतो. एवढी एक सोय नसेल तर काय होईल, हे सांगायला अभियंता व्हावे लागत नाही: रात्री कोणी पाहत नसताना पेटी नाल्यात किंवा वाळूत उलटी केली जाईल. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील अनेक गावांत भुयारी गटार नाही, सगळा कारभार शोषखड्ड्यावर चालतो. वास मारण्यासाठी या पेट्यांत जी फॉर्मल्डिहाइडयुक्त रसायने घालतात, ती शोषखड्ड्याच्या टाकीतील मैला कुजवणाऱ्या जिवाणूंनाच मारतात, म्हणजे टाकी असून नसल्यासारखी होते. तेव्हा अशा ठिकाणी स्वतंत्र बंद टाकी बांधून ती नगरपालिकेच्या टँकरने उपसावी लागेल आणि मैला जवळच्या शहरातील शुद्धीकरण केंद्रात न्यावा लागेल. धोरणाच्या मसुद्यात हे कलम पहिल्या पानावर असले पाहिजे, कारण पन्नास गाड्या रस्त्यावर आल्यानंतर त्याचा विचार करून उपयोग नाही.

आपला किनारा या बाबतीत कोठे कमी पडतो? देशातील राज्यांत सर्वांत लांब किनारा गुजरातचा. वडोदऱ्याहून निघावे, वासद-तारापूरवरून वटामण चौकडी गाठावी, भावनगरला जेवावे आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ५१ धरावा. तळाजा, महुवा, उना, कोडीनार, सोमनाथ, मांगरोळ, पोरबंदर करत हा रस्ता थेट द्वारकेला पोहोचवतो. माधवपूरजवळ तो समुद्राच्या इतका जवळून जातो की, लाटांचे तुषार काचेवर यावेत. पुढे शिवराजपूरचा किनारा आहे, ज्याला २०२० मध्ये स्वच्छतेचे आंतरराष्ट्रीय ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. २०२४ च्या फेब्रुवारीत सुदर्शन सेतू खुला झाल्यापासून बेट द्वारकेलाही मोटारीने जाता येते. रस्ता आहे, देवस्थाने आहेत, आणि मासेमारीची बंदरे, दीपगृहे, कासवांची अंडी जपणारे किनारेही आहेत. दोन देवस्थानांच्या मधले दोनशे किलोमीटर मात्र कुटुंबासाठी जणू नसतातच, कारण तिथे थांबायला जागा नाही.

थांबायला जागा नाही, म्हणजे काय ते घरातील स्त्रियांना विचारावे. पेट्रोलपंपावर शौचालय असते, त्याला कुलूप असते, किल्ली ज्याच्याकडे आहे तो माणूस जेवायला गेलेला असतो आणि किल्ली मिळालीच तर आत पाणी नसते. माझ्या परिचयातील कितीतरी बायका सौराष्ट्राच्या प्रवासात दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत. या एका कारणाने आपली कुटुंबे किनाऱ्याने रमत-गमत न जाता भावनगरहून सोमनाथपर्यंत गाडी दामटतात, सोमनाथहून द्वारकेपर्यंत पुन्हा दामटतात, आणि समुद्र काचेतून पाहतात.

दिवाळीत तर बोलायलाच नको. शाळांना सुट्टी, बाजार लाभपंचमीपर्यंत बंद, त्यामुळे निम्मे गुजरात एकाच आठवड्यात घराबाहेर पडते. सातम-आठमला, म्हणजे जन्माष्टमीच्या सुमारास, सौराष्ट्रात हीच परिस्थिती असते. सोमनाथ-द्वारकेच्या हॉटेलांचे दर त्या दिवसांत ऐकूनच माणूस घरी बसतो. एका वर्षी आमच्या नात्यातील एका कुटुंबाला आगाऊ पैसे भरलेल्या खोलीच्या जागी, आयत्या वेळी, जिन्याखालची बिनखिडकीची खोली दाखवण्यात आली आणि लहान मुले सोबत असल्याने त्यांना ती घ्यावीही लागली. दीवचा प्रश्न वेगळाच आहे. घोघल्याचा किनारा सुंदर आहे, पण गुजरातमध्ये दारूबंदी आणि दीव केंद्रशासित, त्यामुळे शनिवार-रविवारी तिथे जी गर्दी लोटते, तिच्यात मुली-सुनांना घेऊन संध्याकाळी फिरावेसे वाटत नाही. कुंपण, दिवे आणि राखणदार असलेली जागा मिळाली तर हीच कुटुंबे तिथे राहतील.

तंबूंची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कच्छमधील धोरडोला रणोत्सवात दरवर्षी तंबूनगरी उभी राहते आणि ती पाहण्यासारखी असते यात शंका नाही. पण तिथे राहायचे तर संपूर्ण पॅकेज घ्यावे लागते आणि चार माणसांच्या नोकरदार कुटुंबाला त्याचा हिशेब जड जातो. मी म्हणतो त्या जागेत पर्यटन महामंडळाने तंबू, गाद्या आणि बुफे पुरवायची गरज नाही. चौक, नळ, वीज, न्हाणीघर आणि ओटा द्यावा, बाकीचे आमचे आम्ही आणू. आपल्यापैकी ज्यांनी नर्मदा परिक्रमा केली आहे, निदान चैत्रातील छोटी उत्तरवाहिनी परिक्रमा तरी केली आहे, त्यांना ठाऊक आहे की, आश्रमात एक सारवलेली ओसरी, हातपंप आणि चुलीला जागा एवढ्यावर माणूस समाधानाने झोपतो. फरक इतकाच की, परिक्रमावासीयाला अन्न-पाणी श्रद्धेपोटी मिळते. मोटारीने फिरणाऱ्याने त्याचे रास्त पैसे मोजले पाहिजेत आणि पावतीही घेतली पाहिजे.

जागा कोठे असाव्यात याविषयी थोडे. भावनगर आणि द्वारका यांच्या मध्ये महुव्याजवळ एक, कोडीनारच्या बाजूला एक, माधवपूरला एक आणि द्वारकेच्या परिसरातील ओखामंडळात एक, अशा चार जागांनी सुरुवात करता येईल. यातली दोन नावे वडोदऱ्याच्या जुन्या मराठी घरांना परकी नाहीत. कोडीनार आणि ओखामंडळ हे दोन्ही मुलूख बडोदे संस्थानात होते, ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्या काळातच उभे राहिले आणि आमच्या आजोबांच्या पिढीत वहिवाटदार, म्हणजे तालुक्याचे महसूल अधिकारी, म्हणून तिकडे बदली झालेली माणसे दांडिया बाजारात घरोघर सापडत. आज त्यांच्या पतवंडांना तो मुलूख पाहायचा असेल तर रात्र कोठे काढायची, हा पहिला प्रश्न पडतो.

खंभातच्या आखातात मात्र जपून पावले टाकावी लागतील. भावनगरजवळच्या घोघ्याच्या बाजूला भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक १० मीटरच्या घरात जातो, पाणी गढूळ आणि ओढ जबरदस्त. तिथे जागा द्यायची ती गोपनाथसारख्या उंच कड्यावर, पाण्यात उतरण्याचा मोह होणार नाही अशा बेताने. ऑस्ट्रेलियात पोहण्याच्या किनाऱ्यावर लाल-पिवळे झेंडे लावतात आणि त्या दोन झेंड्यांच्या मधल्या पाण्यातच पोहायचे, हे तिथल्या लहान मुलांनाही पाठ असते. आमच्या नातवाने मला दोनदा हाताला धरून झेंड्यांच्या आत आणले. उद्यानाशेजारी किनारा असेल तर जीवरक्षक असलाच पाहिजे आणि तो ठेवणे परवडत नसेल तर तिथे उद्यान करू नये.

गोड्या पाण्याचाही प्रश्न आहे. या पट्ट्यात भूजलात समुद्राचे पाणी शिरलेले आहे आणि अनेक गावे नळाने येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यावर अवलंबून आहेत. गावाला एक दिवसाआड पाणी आणि पाहुण्यांच्या शॉवरला चोवीस तास, असे झाले तर गावकरी ते उद्यान चालू देणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच असेल. म्हणून अंघोळीला बादली किंवा ठरावीक मिनिटांनी बंद होणारा नळ, संडासाला न्हाणीचे गाळलेले पाणी आणि छपरावरचे पावसाचे पाणी साठवायला टाके, ही सोय आराखड्यातच धरावी. ऑस्ट्रेलियातही पाण्याची टंचाई असलेल्या काही उद्यानांत शॉवर मोजूनच मिळतो.

किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधने घालणाऱ्या किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नियमांचा अडसर पुढे केला जाईल, तो खरा आहे आणि असावाही. पण २०१९ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर राखून शौचालये, कपडे बदलण्याच्या खोल्या, पिण्याचे पाणी अशा तात्पुरत्या पर्यटन सोयींना वाव दिला आहे. पक्के बांधकाम रस्त्याच्या बाजूला, मागे ठेवून समुद्राकडील भाग मोकळ्या चौकांसाठी राखला तर नियमाला धक्का लागत नाही. त्याहून मोठी काळजी खारव्यांची, म्हणजे किनाऱ्यावरील मच्छीमारांची, आहे. जाफराबाद-नवाबंदरकडे ज्या मोकळ्या पटांगणावर बोंबील वाळत घातले जातात, ते कागदोपत्री ‘पडीक’ म्हणून दिसते आणि पर्यटनासाठी जमीन शोधणाऱ्या अधिकाऱ्याचे बोट नेमके तिथेच पडते. ती जमीन घेऊ नये. ग्रामपंचायतीचे गायरान घेतानाही तेच पाहावे.

आपले लोक घाण करतील, नासधूस करतील, असे ऐकायला मिळते. करतीलही. परंतु ऑस्ट्रेलियातल्या उद्यानांत शिस्त येते ती लोकांच्या रक्तात असते म्हणून नव्हे; व्यवस्थापक, बहुतेक ठिकाणी नवरा-बायकोची जोडी, उद्यानातच राहते आणि रात्री अकरा वाजताही दार ठोठावले तर बाहेर येते. सकाळी तीच बाई हातात नळी घेऊन न्हाणीघर धुताना दिसते. आपल्याकडे हे काम गावातील एखाद्या जोडप्याला राहत्या खोलीसह द्यावे, स्वच्छता आणि स्वयंपाकघर सखी मंडळाकडे, म्हणजे गावातील महिला बचत गटाकडे, सोपवावे, त्यांनी सकाळी बाजरीचे रोटले आणि ताक विकावे, आणि आलेल्या प्रत्येकाकडून परत मिळणारी अनामत घ्यावी. दूरच्या शहरातील कंत्राटदाराला वार्षिक ठेका दिला की पहिल्या पावसाळ्यानंतर दरवाज्यांच्या कड्याही शिल्लक राहत नाहीत, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

माझी विनंती एवढीच आहे की, आपल्या वृत्तपत्राने हा विषय गाडीच्या छायाचित्रावर न सोडता पर्यटन खात्याकडे आणि किनारी जिल्ह्यांच्या पालिकांकडे लावून धरावा. चारही जागा एकदम होणार नाहीत. माधवपूरची एक जागा पुढच्या दिवाळीआधी तयार झाली, वीस चौक, दहा-बारा संडास-न्हाण्या, दोन ओटे आणि एक बंद टाकी एवढ्यावर, तर गर्दी किती येते, टाकी किती दिवसांनी उपसावी लागते आणि एका कुटुंबामागे पाणी किती लागते, याचे आकडे एका हंगामात हाती येतील. उरलेल्या तीन जागांचे अंदाजपत्रक त्यावरून करावे.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त अभियंता
दांडिया बाजार, वडोदरा